‘माणसं मोजणारी बाई’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

बाब,

पणजीत पाहिलेल्या एका छोट्या, स्वतंत्र चित्रपटावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. गोष्ट गोव्यातल्या केपे तालुक्यातल्या गावची, पण बोलतात ती फक्त भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, घरातली माणसं, ही माझी तक्रार. त्यावर तुम्ही लिहिलंत, “तुम्ही सिनेमा बघत नाही, शाळेच्या हजेरीसारखी माणसं मोजता.” मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण ज्या बाईला तुम्ही ओळखत नाही तिच्याशी बोलायची ही रीत नव्हे.

हो, मोजली माणसं. संवाद असलेली पात्रं अकरा, त्यांत गावडा, कुणबी, वेळीप एकही नाही. तेच लोक कुळागरात सुपारी वेचताना दिसतात, लाल चौकटीचं कापड नेसून फुगडी घालताना दिसतात. नाव एकीलाही नाही. हे तिन्ही समाज २००३ साली अनुसूचित जमातींच्या यादीत आले. २०११ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमाती दहा टक्क्यांहून जास्त, केप्यात तर कितीतरी अधिक.

आणि हा नुसता आकड्यांचा प्रश्न नाही. सगळा चित्रपट भाट, म्हणजे बागायतीची जमीन, विकायचं की नाही यावर आहे. त्या भाटात मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्या माणसाचं, घर आहे, दोनदा दिसतं. त्याला कुणी काही विचारत नाही! १९७५ च्या मुंडकार कायद्यानं ज्याला घराबाहेर काढता येत नाही, त्याला दिग्दर्शकानं पटकथेबाहेर ठेवलं. तो बोलला असता तर विक्रीचा पेच खरा झाला असता. गोष्टच लंगडी पडली, ती इथे.

राहिली हजेरी. ती मी एकवीस वर्षं घेतली आहे, केपे तालुक्यातच. मी होते त्या शाळेत स्नेहसंमेलनाचं मराठी नाटक बसायचं आणि वेळिपांच्या मुली दरवर्षी नाचात. “त्यांचे उच्चार रंगमंचावर चालायचे नाहीत,” असं वरिष्ठ म्हणायचे. चार वर्षं मी गप्प बसले, त्याची लाज अजून वाटते. पाचव्या वर्षी एकीला भांडून भूमिका दिली. सहा वाक्यं होती. तिची आई मागच्या रांगेत तेवढा वेळ उभी राहिली होती. तेव्हा नाचात असणं आणि नाटकात असणं यातला फरक मला कुणी शिकवू नये, निदान टोपणनावामागून तरी नको.

गोव्यात हे जमत नाही असंही नाही. लक्ष्मीकांत शेटगावकरांच्या ‘पलतडचो मनीस’ या कोंकणी चित्रपटात एक वनरक्षक आणि भान हरपलेली एक बाई हेच केंद्रस्थानी आहेत. तो २००९ साली टोरोंटोच्या चित्रपट महोत्सवापर्यंत गेला.

बजेट, महोत्सवांचं राजकारण वगैरे तुमच्या बाकीच्या वाक्यांत मी शिरत नाही. एक संवाद लिहायला पैसे पडत नाहीत.

एक मात्र तुमचं बरोबर आहे. बांधकामावरची बाई मुलाशी बोलते ती भाषा मी कन्नड म्हटली होती, ती लमाणी आहे. मूळ लेखात आज सकाळी दुरुस्ती केली. बाकीचा लेख आहे तसाच राहील.