‘एका ओळीत कमांड चालवा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

मुंबईतल्या डेव्हलपर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात असा: पायथनमधून कमांड चालवायला ‘ओएस.सिस्टिम’ पुरे; आउटपुट हवं तर सबप्रोसेसला (कमांड चालवायचं पायथनचं मॉड्यूल) ‘शेल=ट्रू’ लावून आख्खी ओळ शेलला, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, द्या; एरर आणि आउटपुट एकत्रच घ्या; एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) शून्य आला की काम झालं; नाहीतर सरळ बॅश (लिनक्सचा नेहमीचा शेल) स्क्रिप्ट लिहा. डेमोत हे सगळं चालतं, म्हणून तर फॉरवर्ड होतं.

ओएस.सिस्टिम आउटपुट तुमच्या हातात देतच नाही, ते थेट स्क्रीनवर जातं. परत मिळतो तो आकडा, आणि लिनक्सवर तोही सरळ नाही: कमांड 1 देऊन फेल झाली तर तुम्हाला 256 मिळतात. तोच आकडा पुढे सिस.एक्झिटला दिलात की खालचे आठच बिट उरतात, म्हणजे 0. फेल झालेला जॉब जेनकिन्सवर (जॉब आपोआप चालवणारं टूल) हिरवा, म्हणजे पास.

शेल=ट्रूने इंजेक्शन (इनपुटमधून भलतीच कमांड घुसवणं) होतं हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि ‘आपलं इंटर्नल टूल आहे’ म्हणून सोडूनही दिलेलं असतं. बरं, हॅकरला बाजूला ठेवू. शाखांचे रिपोर्ट घ्या. फाइलचं नाव ‘दादर (प).सीएसव्ही’. शेलच्या लेखी स्पेसला नाव संपलं आणि पुढे अवेळी कंस आला. मिळते ती सिंटॅक्स एरर. मुंबईत पूर्व-पश्चिम न लावता पत्ता सांगता येत नाही, तेव्हा हा काही अपवाद नव्हे. कमांड आणि आर्ग्युमेंट लिस्टमध्ये सुटे द्या. मध्ये शेल येतच नाही, कंस कंसच राहतो.

एरर-आउटपुट एकत्र करण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. डेटाबेसचा बॅकअप (डंप) काढणाऱ्या मायएसक्यूएलडंपला कमांड लाइनवर पासवर्ड दिला की तो ‘हे सुरक्षित नाही’ अशी वॉर्निंग स्टडएररवर, म्हणजे एररच्या वेगळ्या वाटेवर, टाकतो. एकत्र केलंत तर ती डंप फाइलमध्ये जाऊन बसते आणि रिस्टोअर तिथेच अडतं. हे कळतं कधी, तर रिस्टोअरची गरज पडते तेव्हा. वेगळं ठेवायला कष्टही नाहीत: पायथन 3.7 पासून सबप्रोसेस.रनला ‘कॅप्चर_आउटपुट=ट्रू’ दिलं की दोन्ही सुटे मिळतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘दोन पाइप (कमांडचं आउटपुट प्रोग्रॅमपर्यंत आणणाऱ्या वाटा) ठेवले की प्रोग्रॅम हँग होतो.’ होतो खरा, पण एका पाइपनेही होतो. लिनक्सवर पाइपमध्ये डिफॉल्ट 64 केबी मावतात. सबप्रोसेसच्या ‘पोपेन’ने कमांड सुरू करून आधी ‘वेट’ केलंत आणि वाचायचं नंतरवर ठेवलंत, तर पाइप भरताच कमांड लिहायची थांबते. ती संपायची तुम्ही वाट बघताय, तुम्ही वाचायची ती. टेस्टमध्ये चार ओळी असतात, म्हणून कळत नाही. पोपेनचं ‘कम्युनिकेट’ दोन्ही पाइप सोबतच उपसतं, आणि ‘रन’ आतून तेच वापरतं.

आता ते शून्य. डंप पुढे पाइपने जीझिपला (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) जोडा. पाइपलाइनचा एक्झिट कोड शेवटच्या कमांडचा असतो. लॉगिन फेल झालं, डंपमधून अक्षर आलं नाही, जीझिपने तो रिकामा इनपुट इमानदारीत पॅक केला: 20 बाइटची फाइल, कोड 0. बॅकअप फोल्डरमध्ये रोज एक, नावात तारखेसकट.

राहिला बॅशचा मुद्दा, तो मान्य. पाच कमांड एकामागे एक लावायच्या तर पायथन कशाला? फक्त वर ‘सेट -ओ पाइपफेल’ टाका (मग मधली कमांड फेल झाली तरी कोड शून्य येत नाही) आणि स्क्रिप्ट एसएचने चालवू नका. उबंटूवर 6.10 पासून एसएच म्हणजे बॅश नव्हे, डॅश नावाचा दुसरा शेल, आणि डॅशच्या जुन्या आवृत्त्या त्याच ओळीवर ‘इल्लीगल ऑप्शन’ म्हणून थांबतात.