खुलासा : बग्राम्यान यांच्या मार्शलपदाविषयी
सोव्हिएत सैन्यातील आर्मेनियन सेनानी इवान बग्राम्यान हे नाझी जर्मनीवरील विजयानिमित्त झालेल्या 1945 च्या विजयसंचलनात मार्शल होते, असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. 24 जून रोजी मॉस्कोच्या रेड स्क्वेअरवर पहिल्या बाल्टिक आघाडीच्या (अनेक सैन्यदळे मिळून बनलेल्या सोव्हिएत सैन्यगटाच्या) पथकाचे नेतृत्व त्यांनीच केले हे खरे, मात्र तेव्हा त्यांचा हुद्दा मार्शलच्या खालचा, आर्मी जनरलचा होता, जो त्यांना नोव्हेंबर 1943 मध्ये या आघाडीची सूत्रे हाती घेताना मिळाला होता. मार्शलपद मिळाले ते थेट 1955 मध्ये. खांद्यावरची पट्टी पाहिली तरी उलगडा होतो : त्या काळी आर्मी जनरलला चार तारे असत, मार्शलला एकच मोठा. आर्मेनियन आणि ऑटोमन तुर्क यांच्यात झालेल्या 1918 च्या सरदारापाटच्या लढाईचे सेनापतीही तेच होते, ही पुस्ती तर निव्वळ कल्पनाविलास आहे. बग्राम्यान तेथे लढले, पण कनिष्ठ अधिकारी म्हणून, आणि सेनापती होते मोव्सेस सिलिक्यान.