सॉफ्टवेअरला गुन्हा दिसत नाही, नोंद दिसते

फिरत फिरत आलेला हा मजकूर तुम्हीही वाचला असेल: "गुन्ह्यांचा सगळा डेटा सॉफ्टवेअरला द्या. माणसाला जन्मात दिसणार नाहीत असे छुपे धागे ते मिनिटांत शोधतं. पुढचा गुन्हा कुठे होणार तेही सांगतं, ९९ टक्के अचूक. यंत्राला सगेसोयरे नसल्याने पक्षपाताचा प्रश्नच नाही. आणि धागा सापडला की गुन्हेगार सापडलाच."

यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

"छुपे धागे आपोआप सापडतात."

१९७५ ते १९८० या काळात उत्तर इंग्लंडमध्ये पीटर सटक्लिफने १३ बायकांचे खून केले. तपासादरम्यान पोलिसांनी त्याची एकदा नाही, नऊ वेळा चौकशी केली होती. चौकशीच्या नोंदी होत्या, त्याची गाडी संशयास्पद भागांत पुन्हा पुन्हा दिसल्याच्याही नोंदी होत्या. पण हे सगळं कागदी कार्डांच्या डोंगरात विखुरलेलं. या कार्डाला त्या कार्डाचा पत्ता नाही. या फजितीनंतरच ब्रिटिश पोलिसांनी 'होम्स' ही संगणक प्रणाली आणली. हा फोन नंबर, ते बँक खातं, ती गाडी, तो पत्ता असे विखुरलेले तुकडे जोडणं हे काम सॉफ्टवेअर खरोखर उत्तम करतं. त्याबद्दल वाद नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९७९ मध्ये पोलिसांकडे एक टेप आली. "मीच तो खुनी" म्हणणारा आवाज संडरलंडकडच्या लहेजाचा होता. टेप बनावट होती, पोलिसांनी मात्र ती खरी धरली आणि तो लहेजा नसलेले संशयित मागे पडत गेले. सटक्लिफ ब्रॅडफर्डचा, त्याचा लहेजा वेगळा. आता कल्पना करा, तेव्हा संगणक असता तर? लहेजाची अट त्यातही घातलीच गेली असती आणि सटक्लिफ चाळणीतून गळला असता, फक्त जास्त वेगाने. शेवटी जानेवारी १९८१ मध्ये तो शेफील्डमध्ये पकडला गेला, तोही गाडीला खोटी नंबरप्लेट लावली होती म्हणून.

आणि सापडलेला प्रत्येक 'पॅटर्न' गुन्हेगारांचाच असतो असंही नाही. २००९ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांच्या ऑनलाइन नकाशावर शहरातला सर्वांत गुन्हेगारीग्रस्त ठिपका पोलिस मुख्यालयाच्या अगदी जवळ दिसत होता. हजाराहून जास्त गुन्हे एकाच जागी! कारण साधं होतं. जो पत्ता नकाशाला कळत नसे, तो गुन्हा एका ठरलेल्या जागी टाकला जाई. ती जागा नेमकी तिथली. वेळेचंही तसंच. वेळ माहीत नसली की फॉर्ममध्ये ००:०० पडतं आणि आलेखावर मध्यरात्री सुळका उभा राहतो. त्या सुळक्यावर भाष्य करणारी सादरीकरणं मी स्वतः बसून ऐकली आहेत. टाळ्याही पडतात.

"पुढचा गुन्हा कुठे होणार ते सांगतं."

गुन्हे काही थोड्या रस्त्यांवर एकवटतात, आणि एका घरी घरफोडी झाली की शेजारच्या घरांना काही दिवस धोका जास्त असतो, हे खरं आहे. त्यापुढचा दावा तपासून पाहिला गेला आहे. 'प्रेडपॉल', पुढे 'जिओलिटिका' म्हणून ओळखलं गेलेलं, अशी भाकितं करणारं सॉफ्टवेअर अमेरिकेत न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डच्या पोलिसांकडे होतं. 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेने २०१८ मधली त्याची २३,६३१ भाकितं प्रत्यक्ष गुन्ह्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली. जुळली ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी. लॉस एंजेलिसने ते २०२० मध्ये बंद केलं, आणि कॅलिफोर्नियातल्या ज्या सांताक्रूझमध्ये त्याचा सुरुवातीला वापर झाला त्या शहराने त्याच वर्षी अशा भाकितांवरच बंदी घातली.

"९९ टक्के अचूक."

मान्य करू. दहा लाख लोकांत १०० गुन्हेगार आहेत असं धरा. सॉफ्टवेअर त्यातले ९९ बरोबर पकडेल. उरलेल्या ९,९९,९०० निर्दोष माणसांपैकी एक टक्का, म्हणजे ९,९९९ जणांवरही बोट ठेवेल. एका खऱ्या संशयितामागे शंभरेक निरपराध. तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर ही यादी आली की तो पुन्हा त्याच कार्डांच्या डोंगरासमोर बसलेला असतो.

"यंत्राला सगेसोयरे नसतात."

नसतात. पण त्याला खाऊ घातलेल्या नोंदी कोणी केल्या? २०१६ मध्ये क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या पोलिसांकडच्या अमली पदार्थांच्या नोंदींवर प्रेडपॉलसारखीच पद्धत चालवून पाहिली. सर्वेक्षणांनुसार सेवन सगळ्या वस्त्यांत साधारण सारखंच होतं, पण सॉफ्टवेअर पोलिसांना पुन्हा पुन्हा कृष्णवर्णीयांच्या वस्तीकडेच पाठवत राहिलं असतं. जिथे गस्त जास्त तिथे पकडापकडी जास्त, म्हणून नोंदी जास्त, म्हणून उद्या गस्त आणखी जास्त. यंत्र निःपक्षपाती असेलही, ते जुन्या वहीशी इमानदार असतं एवढंच.

"धागा सापडला की गुन्हेगार सापडलाच."

इथे मात्र दोष सॉफ्टवेअरचा नाही. थॉमस हारग्रोव्ह या अमेरिकी पत्रकाराने न उलगडलेल्या खुनांच्या सरकारी नोंदी संगणकावर घालून एक साधी पद्धत बसवली: एकाच भागात, एकाच प्रकारे मारलेल्या आणि मारेकरी न सापडलेल्या बायका कुठे जास्त आहेत? इंडियानातल्या गॅरी शहरावर बोट पडलं. गळा आवळून मारलेल्या डझनाहून जास्त बायका. २०१० मध्ये त्याने तिथल्या पोलिसांना कळवलं, पुन्हा पुन्हा लिहिलं. उत्तर आलं नाही. २०१४ मध्ये शेजारच्या हॅमंडमधल्या एका मोटेलमध्ये एका मुलीचा गळा आवळून खून झाला. पकडलेल्या माणसाने कबुली दिली आणि गॅरीतल्या ओसाड घरांमधून पोलिसांना आणखी सहा मृतदेह दाखवले. जुन्या यादीतले किती खून त्याचे, हे कोर्टात सिद्ध झालेलं नाही. हारग्रोव्हची पत्रं त्याआधी चार वर्षं गॅरीच्या पोलिसांकडे पडून होती.