खाली नुसतं 'साभार' लिहून भागत नाही

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या वेबसाइटवर नागपूरच्या मारबतीवर, म्हणजे मिरवणूक काढून शेवटी जाळतात त्या काळ्या-पिवळ्या पुतळ्यांवर, लेख टाकला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, महाल भागातली ती तोबा गर्दी मी लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिली आहे. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी अजून कानात आहे. लेख मनापासून लिहिला, पण टाइप करताना चूक झाली. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. मी 1881 चं 1818 करून ठेवलं. दोन दिवसांनी जागनाथ बुधवारीतल्या एका काकांनी फोन करून सांगितलं. लगेच दुरुस्त केलं, आणि दुरुस्ती कोणामुळे, कधी केली तेही खाली लिहिलं.

गेल्या महिन्यात शेजारचा आठवीतला मुलगा प्रोजेक्टची वही घेऊन आला. "ताई, काळी मारबत 1818 ची ना?" वही पाहिली तर अख्खा परिच्छेद माझा, आजोबांच्या खांद्यासकट! त्याने तो एका दुसऱ्याच वेबसाइटवरून उतरवला होता. तिथे माझं नाव नाही, लिंक नाही, अवतरणचिन्हं नाहीत. शेवटी एकच शब्द: साभार.

कोणाचे आभार?

त्या वेबसाइटवाल्यांना फोन केला. "अहो ताई, साभार लिहिलंय ना, अजून काय पाहिजे?"

नाव गेल्याचं वाईट वाटलंच, लपवत नाही. पण माझ्यापेक्षा जास्त नुकसान त्या पोराचं झालं. लिंक असती तर तो माझ्या लेखापर्यंत आला असता आणि त्याला 1881 दिसलं असतं. मी माझी चूक सुधारली, तरी उचललेल्या लेखातली चूक कोण सुधारणार?

शके 1506 मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यात आपली ओवी घुसडणाऱ्याबद्दल लिहून ठेवलं: 'तेणे अमृताचे ताटी, जाण नरोटी ठेविली.' म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवली. मूळ शब्द कुठले आणि आपले कुठले, हे वेगळं दिसलंच पाहिजे, हा आग्रह मराठीत इतका जुना आहे.

म्हणून कळकळीने सांगते. शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणात ठेवा. मधलं गाळलं तर टिंबं द्या. लेखकाचं नाव, लेखाचं नाव, तारीख आणि थेट त्या लेखाची लिंक द्या, अन् तीही त्या वाक्याजवळच, पार तळाशी नको. आपल्या शब्दांत सांगितलं तरी माहिती कोणाची ते लिहा. काकांनी तोंडी सांगितलेलंही त्यात आलं, फक्त नाव छापण्याआधी त्यांना विचारा. 'गूगलवरून साभार' तर लिहूच नका, गूगल शोधून देतं, लिहिणारा माणूस वेगळा असतो. विकिपीडियावरचा मजकूर फुकट वापरता येतो, पण श्रेय देण्याच्या अटीवरच. आणि 1957 च्या कॉपीराइट कायद्यात टीका-समीक्षेसाठी उतारा घ्यायला कलम 52 मोकळीक देतं, तसंच कलम 57 लेखकाला आपलं लेखकपण सांगायचा हक्क देतं. हक्क विकले तरी तो जात नाही.

मुलाने वहीत 1818 खोडून 1881 केलं. मी काही सांगितलं नव्हतं, तरी त्याखाली त्यानेच माझं नाव आणि लेखाची तारीख लिहिली. त्या वेबसाइटवर काल रात्री पाहिलं, 1818 तसंच आहे.