स्टेफी आणि मशीन? छे!

टेनिसपटू स्टेफी ग्राफवरचा तुमचा लेख आवडला पण त्यात म्हटलंय तसं ती म्हणजे नुसतं मशीन, चेहऱ्यावर कधी काही दिसायचंच नाही, हे काही पटलं नाही बुवा. १९९६ ची विम्बल्डन सेमीफायनल आठवा, किमिको दातेविरुद्ध ही सर्व्हिस करायला उभी आणि प्रेक्षकांतून एकजण ओरडला, स्टेफी लग्न करशील का माझ्याशी, तर ही बाई हसली आणि उलट त्यालाच विचारलं की तुझ्याकडे पैसे किती आहेत! अख्खं सेंटर कोर्ट खो खो हसलं. आणि हे कधी, तर बाप टॅक्स बुडवल्याच्या केसमध्ये जर्मनीत आत बसलेला, तेही हिच्याच कमाईवरचा टॅक्स. तरी त्या वर्षी फ्रेंच, विम्बल्डन, यूएस तिन्ही मारल्या पोरीने. १९८८ च्या गोल्डन स्लॅमचं (एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम आणि ऑलिम्पिक सुवर्ण) कौतुक सगळेच करतात, मला ९६ जास्त भारी वाटतं.

हां, १९९३ ला हॅम्बुर्गमध्ये हिची प्रतिस्पर्धी मोनिका सेलेसवर स्टेफीच्याच एका चाहत्याने चाकूहल्ला केला नसता तर स्टेफीच्या २२ ग्रँड स्लॅम झाल्या असत्या का, हे कोणीतरी काढणारच, पण त्या माथेफिरूच्या करणीत हिचा काय दोष?

बाकी अर्धा लेख तिच्या नवऱ्यावर, आगासीवर कशाला खर्च केलात, तिच्या त्या स्लाइस बॅकहँडवर लिहायचं ना, बॉल टप्पा पडून वर उठायचाच नाही, समोरची नुसती वाकून वाकून बेजार.