मूठभर चवळी आणि चार्ल्स पर्स

तर्कशास्त्राच्या तासाला मी दरवर्षी घरून पांढऱ्या चवळीची छोटी पिशवी घेऊन जाते. पोरं यायच्या आत टेबलावर मूठभर दाणे पसरून ठेवायचे, शेजारी पिशवी, आणि विचारायचं, हे दाणे कुठून आले? पोरं म्हणतात, मॅडम पिशवीतून. कशावरून? काढताना कुणी बघितलं? मग एखादी उठून पिशवीत डोकावते, आत सगळे पांढरेच, म्हणजे यातलेच असणार! हा जो "असणार" आहे ना तो निगमन (नियमावरून निष्कर्ष) पण नाही आणि विगमन (उदाहरणांवरून नियम) पण नाही, तो तिसराच प्रकार आहे, डॉक्टर लक्षणांवरून आजार ओळखतात किंवा गॅरेजवाला नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो तो. तर्कशास्त्रात या प्रकाराला स्वतंत्र जागा मिळवून दिली अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्सने, आणि पिशवीतल्या दाण्यांचं उदाहरणही त्याचंच, १८७८ सालचं. (स्पेलिंग बघून सगळे पिअर्स म्हणतात, पण उच्चार पर्स.)

या माणसाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. जन्म १८३९, वडील हार्वर्डमध्ये गणिताचे नावाजलेले प्रोफेसर, म्हणजे घरात कशाची ददात नाही. पोटापाण्यासाठी तीस वर्षं सरकारच्या कोस्ट सर्व्हेमध्ये, म्हणजे किनाऱ्यांची मोजणी करणाऱ्या खात्यात नोकरी, लंबक हलवून त्याचे झोके मोजत बसायचे आणि त्यावरून ठिकठिकाणचं गुरुत्वाकर्षण काढायचं, असलं चिकाटीचं काम. आणि शिकवण्याची नोकरी किती वर्षं? पाच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १८७९ ते १८८४, तीही तर्कशास्त्राचा लेक्चरर म्हणून, दरवर्षी नव्याने नेमणूक.

पण त्या पाच वर्षांत त्याने काय करून ठेवलं बघा. १८८३ मध्ये स्वतःच्या विद्यार्थ्यांचे निबंध पुस्तकरूपात काढले, आणि त्यातले काही आज आधुनिक तर्कशास्त्राच्या पायात आहेत. त्यात क्रिस्टीन लॅड नावाची विद्यार्थिनी होती, तिचं पीएचडीचं काम १८८२ लाच पूर्ण झालेलं पण बाई म्हणून विद्यापीठाने पदवीच दिली नाही, दिली ती १९२६ मध्ये, तेव्हा ती ७८ वर्षांची होती! चव्वेचाळीस वर्षं!! त्याच वर्गात पुढे मोठा तत्त्वज्ञ झालेला जॉन ड्यूईही बसायचा. त्याला तेव्हा पर्सचं तर्कशास्त्र फारच गणिती वाटलं, त्याची खरी किंमत त्याला खूप नंतर कळली. हाच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा शिक्षक झाला, म्हणजे धागा आपल्यापर्यंत येतो.

आणि मग १८८४ ला नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. कारण? पहिली बायको त्याला सोडून गेली होती, घटस्फोट व्हायच्या आधीपासून तो ज्युलिएट नावाच्या बाईबरोबर राहत होता, १८८३ मध्ये घटस्फोट झाला आणि आठवड्याभरात दोघांनी लग्न केलं. सायमन न्यूकम या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने ही गोष्ट विद्यापीठाच्या एका विश्वस्ताच्या कानावर घातली. बस्स. चौकशी नाही, आरोप समोर ठेवणं नाही. त्यानंतर पर्सला कुठल्याच विद्यापीठात कायमची जागा मिळाली नाही. स्वभावाने तो तिरसट होता, पैशाच्या बाबतीत बेफिकीर होता, हे खरंय आणि मी लपवणार नाही. पण तिरसट प्रोफेसर कुठे नसतात? ते कायमच्या नोकरीत असतात म्हणून टिकतात, एवढाच फरक.

१८९१ अखेर सर्व्हेची नोकरीही गेली. मग पेनसिल्वेनियातल्या मिलफर्डजवळच्या घरात नवरा-बायको, देणेकरी दारात, चेहऱ्याच्या नसांचं भयंकर दुखणं, कधीकधी घरात खायला आणि जळणाला पैसे नाहीत, आणि हा माणूस लिहितोय. रोज. तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने मित्र म्हणून, १९१० मध्ये स्वतः जाईपर्यंत, धावपळ केली, व्याख्यानं मिळवून दिली, मित्रांकडून पैसे गोळा केले. १९१४ मध्ये पर्स गेला तेव्हा हजारो हजारो पानं अप्रकाशित पडून होती, ती सगळी ज्युलिएटने हार्वर्डला दिली, पाचशे डॉलरला.

मी स्वतः नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैसे आणि वर्षापुरती नेमणूक, अशी शिकवतेय. मी पर्स नाही हे मला माहितीय, पण दर जूनला नेमणुकीच्या पत्राची वाट बघणं काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या एका सहकाऱ्याला मागच्या वर्षी पत्र आलंच नाही, विचारायला गेले तर "यंदा गरज नाही" एवढंच तोंडी उत्तर, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या विषयाला नवीन माणूस उभा. वर्षाच्या करारात माणसाला काढावं लागतच नाही हो, फक्त पुन्हा बोलवायचं नाही, की झालं. कुणाला उत्तर द्यावं लागत नाही आणि कुणाची सही लागत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. रिक्त जागा भरा ही तर आहेच, ती सगळेच करतात. पण त्या भरेपर्यंत ज्याला पुन्हा बोलवणार नाही त्याला कारण लेखी द्या, खाली नाव आणि सही करून.