चौदा सेकंदांचे गुरुजी

कट्टा हा शब्द आमच्याकडे पेपरातून आला. नागपूरचा माणूस ‘ठेल्यावर’ जातो. आमचा ठेला नाल्याच्या पुलाला लागून आहे. एका अंगाला चहा, दुसऱ्या अंगाला पान आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, आणि मधे एक बाकडं, ज्याचा एक पाय विटेवर आहे. एरवी संध्याकाळी चार-पाच डोकी असतात. निवडणूक लागली की आठ-दहा होतात आणि चहाची उधारीही त्याच हिशेबात वाढते.

त्या दिवशी विषय नाल्याचा होता. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर कोणाला खरं वाटणार नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार-पाच तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरात शिरली. ठेलेवाल्या भाऊचा फ्रीज त्या रात्री तरंगत पुलाच्या कठड्याला जाऊन अडकला होता. ठेल्याच्या टिनाच्या डब्यावर कमरेएवढ्या उंचीला पाण्याची मातकट रेघ आहे. भाऊनं दोनदा रंग मारला, पण पावसाळा आला की ती ओल धरून पुन्हा वर येते. गुरुजी म्हणाले, “यावेळी मत मागायला जो येईल त्याला ही रेघ दाखवायची. दुसरं काही बोलायचं नाही. नाला कधी उपसता, एवढंच विचारायचं.” सगळ्यांनी हाव म्हटलं.

तेवढ्यात ठेकेदाराच्या मोबाईलवर क्लिप आली.

कोणत्या नेत्याची ते सांगत नाही. सांगितलं की तुम्हीही नाला विसराल. एकानं भर सभेत दुसऱ्याच्या घरच्यांचा उद्धार केला होता आणि खाली बसलेले लोक टाळ्या पिटत होते.

“पाहा बे, काय बोलून रायला हा!” ठेकेदारानं मोबाईल वकिलाच्या नाकाशी धरला.

“तुमचे का कमी बोलतात?” वकील म्हणाला, आणि मग उत्खनन सुरू झालं.

ठेकेदारानं २०१७ काढलं. गुजरातची निवडणूक, काँग्रेसचे मणिशंकर अय्यर, मोदींना ‘नीच’. वकील म्हणाला, “त्यांना पक्षानं त्याच दिवशी निलंबित केलं. तुम्ही कोणाला केलं ते सांग. २०१२ मध्ये हिमाचलच्या प्रचारात ‘पन्नास कोटींची गर्लफ्रेंड’ कोण म्हणालं होतं?” ठेकेदार २००७ वर गेला, सोनिया गांधींचं ‘मौत का सौदागर’. वकील आपल्या राज्यात परतला. २०२४ ची विधानसभा, जतची सभा, सदाभाऊ खोतांनी शरद पवारांच्या चेहऱ्यावर केलेली कॉमेंट. “आणि तुमचे अरविंद सावंत?” ठेकेदार म्हणाला. “बाईमाणसाला ‘इम्पोर्टेड माल’? हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय?” खोत आणि सावंत, दोघांनीही मागाहून दिलगिरी व्यक्त केली होती, पण ठेल्यावर दिलगिरी मोजत नाहीत.

मला गंमत वाटली ती त्यांच्या स्मरणशक्तीची. ठेकेदाराला स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस बायको सांगते तेव्हा कळतो. पण समोरच्या पक्षाच्या माणसानं कोणत्या साली कोणाला काय म्हटलं, हे सनासकट तोंडपाठ. आणि आपल्या पक्षाचं? “तसं काही आठवत नाई बुवा.” वकिलाचंही तेच. मीही फार वेगळा नाही. ती क्लिप मी तिथेच बसल्या बसल्या घरच्या ग्रुपवर पाठवून मोकळा झालो होतो.

गुरुजी एवढा वेळ गप्प होते. ते भडकले वेगळ्याच गोष्टीवर. खोतांनी सारवासारव करताना ही गावगाड्याची भाषा आहे म्हटलं होतं, ते ठेकेदारानं सहज बोलून दाखवलं.

“गावाला कशाला बदनाम करता?” गुरुजी म्हणाले. “माझ्या वडिलांनी गाडगेबाबांचं कीर्तन समोर बसून ऐकलं होतं. अस्सल वऱ्हाडी. कर्ज काढून सण करणाऱ्याला, देवापुढे बकरं कापणाऱ्याला बाबा असे झापायचे की माणूस मान वर करत नसे. पण झापायचे कोणाला? समोर बसलेल्याला! तुमचा पुढारी समोरच्याला खूश करायला, तिथं नसलेल्याला शिव्या घालतो. याला गावगाडा म्हणता?”

यावर बोलायला कोणाकडे काही नव्हतं, म्हणून वकील कायद्यात शिरला. त्याचं म्हणणं, कायदा आहे, पण तो बैलगाडीनं येतो. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक घ्या. धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून रमेश प्रभूंची निवड हायकोर्टानं रद्द केली. सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला ११ डिसेंबर १९९५ ला. तोवर ती विधानसभा संपून नवी आली होती, आणि राज्यात सरकार होतं शिवसेना-भाजप युतीचं. प्रभूंच्या प्रचारात भाषणं करणाऱ्या बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताचा हक्क सहा वर्षांसाठी काढला गेला, पण तो आदेश निघायला १९९९ उजाडलं.

“आणि निवडणूक आयोग?” मी विचारलं.

“आयोग बाकावर उभं करतो. २०१९ ला सुप्रीम कोर्टानं कान पिळला तेव्हा एका दिवसात चौघांना गप्प बसवलं. योगी आदित्यनाथ आणि आझम खान बहात्तर तास, मायावती आणि मनेका गांधी अठ्ठेचाळीस. योगी तेवढ्यात लखनौला हनुमानाच्या देवळात जाऊन आले, कॅमेरे मागे होतेच. आझम खान जयाप्रदांबद्दल जे बोलले ते इथं उच्चारायच्या लायकीचं नाही. रामपूरमधून निवडून आले. मनेकाबाई सुलतानपूरमधून आल्या. २०२४ ला तर पंतप्रधानांच्या आणि राहुल गांधींच्या भाषणांवरच्या नोटिसा त्यांना न देता पक्षाच्या अध्यक्षांना धाडल्या. पोरानं काच फोडली, चिठ्ठी बापाच्या नावानं.”

“पण शिक्षाही होते न कधी?” ठेलेवाला भाऊ म्हणाला. त्याचा हात चालूच होता. लाकडी पाटीवर पन्नीतला खर्रा घोटताना तो कोणाकडे बघत नाही, पण ऐकतो सगळं.

“होते न. आझम खानांनाच २०१९ च्या दुसऱ्या एका भाषणासाठी ऑक्टोबर २०२२ ला तीन वर्षं सुनावली. आमदारकी गेली. पोटनिवडणूक झाली, जागा भाजपनं जिंकली. आणि मे २०२३ ला वरच्या कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. आता जागा कोणाला मागायची?”

ठेकेदार हसला. मग त्याच्या लक्षात आलं की हसण्यासारखं नाही, आणि त्यानं चहा मागवला.

बारक्या तेव्हा बोलला. हा पोरगा दिवसभर एका उमेदवाराच्या कार्यालयात बसून रील कापतो. “काका, तुम्ही उगीच डोकं खपवून रायले. चाळीस मिनिटांच्या भाषणात आमच्या कामाचे चौदा सेकंद असतात. रस्ता, पाणी, गटार आलं की लोक अंगठ्यानं वर ढकलतात. शिवी आली की अंगठा थांबते. समोरच्या पार्टीचे पोरं माझ्याच कॉलेजचे आहेत. त्याच्या साहेबाची क्लिप मी पसरवतो, माझ्या साहेबाची तो. दोघांचंही काम होते.”

“सभ्य बोललं तर नाही चालत?” मी म्हटलं. मला बडकस चौक आठवत होता. १७ नोव्हेंबर २०२४, प्रियांका गांधींचा रोड शो महाल भागात आला, संघाच्या मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर. भाजपच्या पोरांनी झेंडे दाखवून घोषणा दिल्या. बाईंनी माईकवरून त्यांना निवडणुकीच्या शुभेच्छा दिल्या आणि जिंकणार मात्र महाविकास आघाडीच, असं वर सांगितलं. निकाल उलटा लागला ते सोडा, पण तो व्हिडिओ तर सगळीकडे फिरला.

“टोमणा होता न त्यात,” बारक्या म्हणाला. “नुसत्या शुभेच्छा असत्या तर कोनी पाह्यलं असतं?”

मी त्याच्याशी वाद घालणार होतो, पण पुलावरून भोंग्याचा ऑटो वळला आणि मागून पंधरा-वीस माणसं घेऊन प्रभागातला उमेदवार आला. ज्याच्या पक्षाच्या नेत्याची ती क्लिप होती, नेमका तोच. हात जोडलेले, गळ्यात दुपट्टा. याच ठेल्यावर दोन वर्षांपूर्वी तो आमच्यासोबत बाकड्यावर बसायचा. एक बरं, प्रभागातला माणूस असलं अचाट कधी बोलत नाही. उद्या दूध आणायला त्याच गल्लीतून जायचं असतं.

गुरुजी उठले. त्यांनी खरंच त्याला हाताला धरून डब्याजवळ नेलं, रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “बाळा, इथपर्यंत पाणी होतं. नाला कधी उपसता?” उमेदवार तोंड उघडणार, तेवढ्यात ठेकेदार मागून ओरडला, “आणि तुमचा साहेब काय बोलून रायला ते पन सांगा!” गुरुजींचा मघाचा राग अजून निवला नव्हता. ते गर्रकन वळून म्हणाले, “तुमच्या साहेबाची जीभ या नाल्याहून घाण आहे. आधी ती उपसा!”

सगळा ठेला हसला. उमेदवाराचे कार्यकर्तेही हसले. आणि उमेदवाराला रस्ता सापडला. साहेबांचं वाक्य तोडून-मोडून दाखवलं, मागचं-पुढचं ऐका, समोरचे काय बोलले तेही बघा, असं तो तीन-चार मिनिटं तळमळून बोलला. ठेकेदार भांडला, वकील भांडला, मीसुद्धा एक वाक्य टाकलं. मग तो गुरुजींच्या पाया पडला आणि पुढच्या गल्लीत गेला.

“नाल्याचं त्यानं काय सांगतलं?” भाऊनं खर्रा पुडीत बांधत विचारलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रील आली. बारक्यानं केव्हा मोबाईल धरला होता, कोणाला कळलंच नव्हतं. गुरुजी गर्रकन वळतात, “तुमच्या साहेबाची जीभ...” आणि पुढे ढोलाचा आवाज. वर लिहिलं होतं, ‘नागपूरच्या गुरुजींनी धुतलं’. डब्यावरची रेघ कुठेच नव्हती. खाली अर्धे लोक गुरुजींना दंडवत घालत होते, अर्धे त्यांची पेन्शन बंद करा म्हणत होते.

वकील बारक्याला बोल बोल बोलला. आधीचं वाक्य का कापलं, नाल्याचं का कापलं? बारक्या खाली मान घालून म्हणाला, “काका, त्याच्यानं सुरू केलं असतं तर कोनी थांबलंच नसतं.”

गुरुजी बाकड्यावर शांत बसले होते. वकिलाचं बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला आणि बारक्याकडे हात केला. “आण इकडे मोबाईल. आतापर्यंत किती जणांनी पाहिलं ते सांग.”